भिंगे घासणारा माणूस

बाटलीत काडी रोवून सोडलेला दिवाळीतला बाण आणि चंद्रावर माणसे नेणारा सॅटर्न, या दोघांची जात एकच. दोघेही पोटात जळणारे काहीतरी भरून घेतात, ते भराभरा जाळतात आणि त्याचा वायू मागे फेकून स्वतः पुढे जातात. दोघांचेही आयुष्य घटकाभराचे. बाण दोनतीन सेकंदांत संपतो. सॅटर्नचा पहिला टप्पा सुमारे अडीच मिनिटांत. घरातल्या पोरांना आवडतो तो हाच भपका, आणि मोठ्या माणसांनाही तोच आवडतो, हे आपण उगाच नाकारतो.

पण पुढे जाण्याचा हिशेब साधा आहे. मागे किती फेकले आणि किती वेगाने फेकले, या दोन गोष्टींवर तो ठरतो. जाळून फेकायचे म्हटले तर वेगाला मर्यादा पडते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची उत्तम जोडी घेतली तरी सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास गाडी थांबते. मग जाळायचेच कशाला? एखाद्या जड मूलद्रव्याच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घ्यावा. उरलेल्या अणूवर धन विद्युत्भार येतो, त्याला आयन म्हणतात. असे आयन विजेच्या दाबाने, बारीक छिद्रांच्या दोन जाळ्यांमधून मागे फेकले तर त्यांचा वेग सेकंदाला तीस किलोमीटरपर्यंत सहज जातो. म्हणजे तेवढेच काम फार थोड्या सामानात होते. खोट एकच: जोर अगदी कमी. १९९८ साली अमेरिकेने सोडलेल्या 'डीप स्पेस १' या यानाच्या एंजिनाचा जास्तीत जास्त जोर वहीची दोनतीन पाने तळहातावर ठेवल्यावर जाणवेल एवढाच होता. असे एंजिन जमिनीवर स्वतःलासुद्धा उचलू शकणार नाही. पण अवकाशात अडवायला हवा नाही, घर्षण नाही. तिथे हा पानाएवढा जोर दिवसेंदिवस, महिनेन्‌महिने चालू राहिला तर थेंबे थेंबे तळे साचते. २००७ साली सुटलेले 'डॉन' हे यान अशाच एंजिनावर चाले. स्थिर असते तर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाला पोचायला त्याला चार दिवस लागले असते, आमची एस. टी. हे काम मिनिटाच्या आत करते. पण ते एंजिन सगळे मिळून जवळजवळ सहा वर्षे चालले, आणि त्याच्या बळावर डॉन आधी व्हेस्टा आणि मग सेरेस या दोन वेगवेगळ्या लघुग्रहांच्या भोवती जाऊन राहिले. पृथ्वीपलीकडच्या दोन गोलांभोवती फिरलेले ते पहिले यान.

या एंजिनातली एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. मागे फेकलेले आयन धन असतात. म्हणजे इकडे यानावर ऋण भार साचत जातो. तो तसाच साचू दिला तर फेकलेले आयन पुन्हा यानाकडेच ओढले जातील आणि सगळा खटाटोप फुकट. म्हणून काढून घेतलेले इलेक्ट्रॉन एका वेगळ्या नळीतून त्या झोतात परत सोडावे लागतात. घेतलेले परत केल्यावाचून पुढे जाता येत नाही. उपमा फार ताणू नयेत हे मला कळते. पण पुढे जे लिहिणार आहे ते लिहिताना ही नळी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, एवढे सांगून ठेवतो.

वीज वापरून अवकाशात जाण्याची कल्पना जुनी. अमेरिकेतल्या गॉडर्डने ती १९०६ साली आपल्या वहीत टिपली होती, रशियातल्या त्सिओल्कोव्स्कीने १९११ साली मांडली होती, आणि १९२९ साली हेर्मान ओबेर्टने आपल्या ग्रंथात तिच्यासाठी एक प्रकरणच खर्ची घातले होते. मात्र कल्पना सुचणे निराळे आणि तिच्यामागे जन्म काढणे निराळे. जन्म काढणाऱ्यांत पहिला मान एर्न्स्ट श्टुलिंगर याचा.

त्याचा जन्म १९१३ सालच्या डिसेंबरातला, जर्मनीतल्या नीडररिंबाख या खेड्यातला. तेविसाव्या वर्षी ट्यूबिंगेन विद्यापीठाचा डॉक्टर झाला. मग बर्लिनला हान्स गायगर याच्या हाताखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागला. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राला ज्याचे नाव आहे तोच हा गायगर. १९४१ साली या विद्वानाला साध्या शिपायाचे कपडे चढवून रशियाच्या आघाडीवर धाडण्यात आले. मॉस्कोच्या लढाईत तो जखमी झाला, पुढे स्टालिनग्राडच्या रणधुमाळीत सापडला, आणि त्याच्या तुकडीतली जी मोजकी माणसे त्या हिवाळ्यात पायी चालत परत आली त्यांत तो होता. १९४३ साली त्याला हुकूम आला: बाल्टिकच्या किनाऱ्यावर पेनेम्युंडे येथे हजर व्हावे. तिथे व्हेर्नर फॉन ब्राउनची मंडळी अग्निबाण बनवीत होती. अग्निबाणाला दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेचे काम श्टुलिंगरकडे आले. बर्फातून पाय ओढत आलेल्या माणसाला प्रयोगशाळा मिळाली. त्या क्षणी त्याला काय वाटले असेल, याची कल्पना करायला फार सहानुभूती लागत नाही. ती जागा लक्षात ठेवावी. आपल्याला तिथे परत यायचे आहे.

युद्ध संपले. अमेरिकेने या मंडळींना उचलून आपल्याकडे नेले. श्टुलिंगर आधी टेक्ससमध्ये आणि १९५० पासून अलाबामातल्या हंट्सव्हिल या गावी राहिला. १९५५ साली अमेरिकेचा नागरिक झाला. ओबेर्टच्या त्या जुन्या प्रकरणाने त्याला टेक्ससच्या वाळवंटातच पछाडले होते. दिवसा तो लष्कराच्या अग्निबाणांचे काम करी, आणि उरल्या वेळात सीझियम या धातूच्या अणूंचा हिशेब मांडी. तापलेल्या टंग्स्टनला सीझियमची वाफ नुसती लागली तरी तिच्यातले इलेक्ट्रॉन निघून जातात, हा त्याच्या एंजिनाचा पाया. १९५४ साली इन्सब्रुकच्या अवकाशपरिषदेत त्याने आपली योजना वाचली. १९५७ साली वॉल्ट डिस्नेने मंगळावरचा जो बोलपट दूरचित्रवाणीवर दाखवला, त्यातली भल्यामोठ्या छत्रीसारखी दिसणारी मंगळयाने याच माणसाच्या डोक्यातून निघालेली. छत्री होती ती वीज करताना उरलेली उष्णता अवकाशात टाकण्यासाठी. पण प्रेक्षकांना ती ऊन लागू नये म्हणून धरली आहे असे वाटले असले तर त्यांना दोष देता येणार नाही. १९६४ साली या विषयावरचा त्याचा ग्रंथ निघाला. आयन-एंजिनावर काम करणाऱ्यांच्या एका पिढीने तो क्रमिक पुस्तकासारखा वापरला.

गंमत अशी की जगाला त्याचे नाव कळले ते अगदी उलट कारणाने. ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री अमेरिकेचा पहिला उपग्रह 'एक्सप्लोअरर' उडाला. पहिला टप्पा विझल्यावर बाण वर वर तरंगत जाणार, आणि अगदी माथ्यावर पोचेल त्या क्षणी खालून इशारा देऊन दुसरा टप्पा पेटवायचा. तो क्षण ओळखण्याचे यंत्र श्टुलिंगरने स्वतः तयार केले होते आणि ते बटण दाबणारे बोटही त्याचेच होते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या एंजिनाचे स्वप्न पाहणारा हा माणूस एका सेकंदाच्या कामाने प्रसिद्ध झाला.

आणि त्याच्या आवडत्या एंजिनाचे काय झाले? जुलै १९६४ मध्ये अमेरिकेने अशी दोन एंजिने एकाच यानातून वर पाठवली. एक सीझियमचे, म्हणजे श्टुलिंगरच्या वळणाचे. दुसरे हॅरॉल्ड कॉफमन याने बनवलेले, पाऱ्यावर चालणारे. सीझियमचे एंजिन विजेच्या दोषाने चाललेच नाही. पाऱ्याचे एकतीस मिनिटे चालले. अवकाशात चाललेले पहिले आयन-एंजिन ते. पुढे पाराही मागे पडला, कारण तो विषारी आणि सगळ्या सामानावर बसणारा, आणि त्याच्या जागी झेनॉन हा निरुपद्रवी वायू आला. १९७५ साली श्टुलिंगर सरकारी नोकरीतून निवृत्त झाला, तोवर कुठल्याही ग्रहाकडे असे एंजिन निघालेले नव्हते. निघाले ते १९९८ च्या ऑक्टोबरात, त्याच्या वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षी. पहिल्यांदा चालू केले तेव्हा साडेचार मिनिटांत बंद पडले! मग दोन आठवड्यांनी पुन्हा सुरू झाले आणि सोळा हजार तास चालले. २००१ साली त्या यानाने बोरेली या धूमकेतूच्या जवळून जाऊन त्याची चित्रे पाठवली. श्टुलिंगर २००८ च्या मे महिन्यात वारला. डॉन तेव्हा वाटेवर होते.

अशा आयुष्यासंबंधी बोलताना आपल्याकडे लगेच निष्काम कर्माचा दाखला देतात. मला तो इथे बसत नाही. या माणसाला फळाची इच्छा पुरेपूर होती. फक्त ते लवकर मिळावे असा त्याचा हट्ट नव्हता. त्यापेक्षा परसात आंब्याची कोय पुरणारा आजोबा मला जवळचा वाटतो. नातवंडे आंबे खातील हे त्याला माहीत असते आणि आपण खाणार नाही हेही. अशा आजोबांचे आपण कौतुक करतो, आणि करावेच. पण कौतुक करताना एक प्रश्न आपण विचारत नाही. आजोबा रोपाला पाणी घालतात ते कुठले? स्वतःच्या विहिरीचे असेल तर बोलणेच संपले. पण दुष्काळात, गावाच्या सार्वजनिक आडावर बायका रांग लावून उभ्या असताना त्यातलीच एक घागर ते रोपाला घालत असतील तर?

हाच प्रश्न १९७० साली श्टुलिंगरला टपालाने आला. झांबियात सेवाकार्य करणाऱ्या सिस्टर मेरी जुकुंडा नावाच्या एका जोगिणीने त्याला विचारले होते, की जगात मुले उपाशी मरत असताना मंगळावर जाण्यासाठी कोट्यवधी डॉलर खर्च करावेत असे आपल्यासारख्याला सुचवते तरी कसे? तिला ६ मे १९७० रोजी त्याने जे लांबलचक उत्तर पाठवले ते पुढे नासाने छापले आणि आजही ते हातोहात फिरत असते. मला ते पत्र आवडते. त्यात तुच्छता नाही. प्रश्न करुणेतून आला आहे हे तो आरंभीच मान्य करतो आणि मग उत्तराला लागतो.

आधी तो एक गोष्ट सांगतो. चारशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका गावी एक दयाळू उमराव राहत होता. गरिबांना तो आपल्या उत्पन्नातला पुष्कळ भाग देई. त्याला एकदा एक विक्षिप्त माणूस भेटला. दिवसभर काम करावे आणि रात्री काचेची भिंगे घासून नळीत बसवावीत, असा त्याचा छंद. उमरावाने त्याला वाड्यात ठेवून घेतले. लोक चिडले: इथे रोगाची साथ चालू आहे आणि हा त्या रिकामटेकड्याला पोसतो! उमराव म्हणाला, तुम्हांला जमेल तेवढे देतो आहे, पण यालाही देईन. त्या भिंगांतून पुढे सूक्ष्मदर्शक आला, आणि सूक्ष्मदर्शकाने रोगांच्या साथी हटवण्याला जेवढा हातभार लावला तेवढा त्या दानाने लागला नसता.

गोष्ट चटकदार आहे. पण माझ्या मते पत्रातला खरा जोर तिच्यात नाही. तो पुढच्या कोरड्या आकड्यांत आहे. वर्षाला दहा हजार डॉलर मिळवणारा अमेरिकन माणूस अवकाशासाठी तीसएक डॉलर कर देतो, असे तो सांगतो. बाकीचा सगळा कर दुसरीकडे जातो. अवकाशाचे खाते बंद केले म्हणून ते तीस डॉलर आपोआप उपाशी मुलांच्या ताटात पडत नाहीत. उपासमार हा धान्य पिकवण्याचा प्रश्न आहे तसाच ते पोचवण्याचा आहे, आणि वरून पिके, पाऊस, रोग पाहणारा उपग्रह दोन्हीकडे मदत करू शकतो. हे खरे ठरले, आणि आपल्या देशात ठरले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर उभा राहून आपल्या सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांना शेतीचे, आरोग्याचे, शाळेचे कार्यक्रम दाखवीत होता. त्यासाठी विक्रम साराभाईंनी अमेरिकेशी १९६९ साली करार केला होता. दिवस उजाडला तेव्हा ते हयात नव्हते. आणि याच एटीएस-६ वर प्रयोगादाखल दोन छोटी आयन-एंजिने बसवलेली होती. सीझियमची! एक तासभर चालले, दुसरे पंच्याण्णव तास, आणि मग दोन्ही हट्टाला पेटली ती पुन्हा सुरू झाली नाहीत. म्हणजे ज्या पेटीतून राजस्थानातल्या आणि ओरिसातल्या मुलांना धडे मिळाले तिच्याच कोपऱ्यात भिंगे घासणाराही बसला होता. जोगिणीला याहून चांगला पुरावा देता आला नसता.

इथवर मी मोठ्या समाधानाने येत असे. माझा एक डॉक्टर मित्र आहे. मेळघाटच्या पायथ्याशी त्याने आयुष्य काढले. कुपोषण हा शब्द त्याच्या तोंडून मी क्वचितच ऐकला आहे. तो मुलांची वजने सांगतो. त्याला हे पत्र मी वाचून दाखवले. सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "पत्र चांगलं आहे. पण उमरावानं स्वतःच्या तिजोरीतून दिलं ना? त्याच्या जागी मी असतो तर मीही दिलं असतं. साथीत जे मेले त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. बरं, हा तुझा शास्त्रज्ञ अमेरिकेला जाण्यापूर्वी कुठे होता?"

डॉक्टर लोकांना पूर्ववृत्तांत विचारण्याची सवय असते.

ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडेवर बाँब टाकले. तेव्हा अग्निबाण बनवण्याचा कारखाना तिथून हलवून नोर्डहाउझेन गावाजवळच्या कोनश्टाइन डोंगराच्या भुयारांत नेण्यात आला. भुयारे मोठी करायला आणि बाण जोडायला छळछावणीतले कैदी आणले. त्या छावणीचे नाव डोरा. पहिले कित्येक महिने हे कैदी भुयारातच झोपत; धूळ, ओल, सुरुंगांचा धूर, आणि दिवसाचा उजेड नाही. डोरा आणि तिच्या शाखा मिळून सुमारे साठ हजार माणसे त्या छावण्यांतून गेली. त्यांतली वीस हजारांच्या आसपास मेली. त्या अग्निबाणांनी लंडनला आणि अँटवर्पला जेवढी माणसे मारली, त्यांहून अधिक अशी बाणाच्या जन्मापायीच गेली.

भुयारांचा कारभार श्टुलिंगरच्या हाती नव्हता. त्याचे काम बाणाला दिशा दाखवण्याचे. तो स्वतः आघाडीवरून हुकुमाने आलेला. नाही म्हटले असते तर कुठे गेला असता, हे सांगायला नको. घरी बसून, चहाचा पेला हातांत घेऊन, त्याला शूरपणाचे धडे देणे मला शोभणार नाही. पण तो बाण जिथे जोडला जात होता तिथून तो पुढे सॅटर्नपर्यंत आला आणि सॅटर्नवरून माणसे चंद्रावर गेली, ही साखळी त्याची मित्रमंडळी अभिमानाने सांगत. साखळी सांगायची तर तिच्या सगळ्या कड्या सांगाव्या लागतात. १९९४ साली त्याने दुसऱ्या एका लेखकाच्या जोडीने फॉन ब्राउनचे मोठे चरित्र लिहिले. त्यात तो मित्राच्या पाठीशी उभा आहे. मैत्री म्हणून ते मला समजते. हिशेब म्हणून समजत नाही.

मग ते पत्र खोटे ठरते काय? माझा मित्र म्हणतो, ठरते. ज्याच्या पायाखाली भुयार आहे त्याने उपाशी मुलांबद्दल बोलू नये. मला हे पटत नाही. दोन आणि दोन चार हे चोराने सांगितले तरी चारच असतात. तीस डॉलरचा हिशेब बरोबर आहे, चोवीसशे खेडी खरी आहेत. पत्र लिहिणाऱ्याचे चारित्र्य पाहून त्यांतले एकही खेडे वजा होत नाही. उलट दुसरी एक पळवाट आहे, आणि तिच्याकडे वळणारे लोक मला अधिक भेटतात. ते म्हणतात, झाले ते वाईट झाले, पण त्यातून किती चांगले निघाले बघा! युद्ध नसते तर अग्निबाण नसता, अग्निबाण नसता तर उपग्रह नसता, आणि उपग्रह नसता तर वादळाची सूचना तुमच्या कोळ्यांना मिळाली नसती. हे बोलणाऱ्यांना मी विचारतो, की त्या भुयारातल्या माणसाला हा सौदा कुणी सांगितला होता? चंद्राचे नाव त्याच्यापुढे कुणी काढले होते? तो मेला तेव्हा बाण लंडनसाठी होता. चंद्र नंतर, इतरांनी, त्याच्या नावावर जमा धरला. मेलेल्या माणसाच्या खात्यात अशी परस्पर जमा मांडता येते, ही हिशेबाची पद्धत मला भीतिदायक वाटते. ती एकदा मान्य केली तर पुढच्या कुठल्याही भुयाराला हरकत घेता येणार नाही, कारण पुढे काहीतरी चांगले निघेलच. नेहमीच काहीतरी निघते.

विचार करकरून मी इथवर आलो आहे. आपण हा वाद जवळचे की दूरचे, भाकरी की मंगळ, अशा वाटेने घालतो आणि त्यात जोगीणही हरते, शास्त्रज्ञही हरतो. दूरचे फळ लावणाऱ्याला अडवू नये असेच मला वाटते. सगळ्यांनी फक्त आजची चूल पेटवली असती तर चुलीतही सुधारणा झाली नसती. पण आंब्याला पाणी कुणाच्या घागरीतले, हे रोप लावतानाच विचारावे लागते. करदात्याचे तीस डॉलर आणि कैद्याचे आयुष्य ही एकाच मापाची दोन प्रमाणे नाहीत. ज्याला विचारता येते, जो निवडणुकीत नाही म्हणू शकतो, त्याच्याकडून घेणे निराळे, आणि ज्याला विचारण्याची सोयच ठेवलेली नाही त्याच्याकडून घेणे निराळे. या दोन टोकांच्या मधे पुष्कळ माणसे उभी आहेत, हे मात्र मी विसरू शकत नाही. धरणाखाली गाव गेलेला शेतकरी त्यांत आहे. मेळघाटातली आईही आहे. तिला मत आहे, पण तिचे मत कुठे पोचते?

श्टुलिंगरच्या उमरावाची गोष्ट म्हणूनच मला अलीकडे अपुरी वाटते. तिच्यात उमराव आहे, भिंगवाला आहे आणि चिडलेले लोक आहेत. पण ते चिडलेले लोक गोष्टीत मूर्ख ठरतात. पुढे सूक्ष्मदर्शक निघाला म्हणून त्यांचे चिडणे चुकीचे होते, असा तिचा रोख. मला तसे वाटत नाही. साथीत पोर गेलेल्या माणसाला उमरावाच्या दारात येऊन जाब विचारण्याचा हक्क होता, सूक्ष्मदर्शक निघो वा न निघो. आणि उमरावाचे मोठेपण मला दिसते ते त्याने भिंगवाल्याला पोसले त्यात नाही. लोक दारात आले तेव्हा त्याने दार उघडून, काय देतो आणि का देतो ते तोंडावर सांगितले, त्यात दिसते. श्टुलिंगरनेही जोगिणीला उत्तर दिले, चार ओळींत वाटेला लावले नाही, हे त्याच्या खात्यावर मी मनापासून जमा धरतो. डोराच्या लोकांना द्यायचे उत्तर मात्र बाकी आहे. ते त्याच्या एकट्याकडे बाकी आहे असेही नाही.

आता हे सगळे माझ्या घरापर्यंत का आले ते सांगतो. माझी भाची प्लाझ्माचे शास्त्र शिकली. विजेवर चालणारी एंजिने आता आपल्याकडेही आहेत. ५ मे २०१७ रोजी सुटलेल्या जीसॅट-९ या आपल्या उपग्रहावर झेनॉनची एंजिने होती. त्याच प्रकारच्या कामावर तिला बोलावणे आले होते. गेल्या दिवाळीत ती फराळाला आली तेव्हा डॉक्टरही बसला होता. ती उत्साहाने सांगू लागली: जळणाचे वजन कमी झाले की उपग्रहात जास्त यंत्रे बसतात, तो जास्त वर्षे टिकतो, दूरच्या गावांना फोन मिळतात.

"कुठल्या गावांना?" डॉक्टरने विचारले. "आमच्या दवाखान्यापासून टेकडी चढून गेलं की फोन लागतो. पावसाळ्यात तोही नाही."

"ते आम्ही नाही ठरवत, काका. आम्ही एंजिन करतो."

"बाणाला दिशा दाखवणाराही असंच म्हणत असेल," मी म्हणालो, आणि ते तिला लागले. डॉक्टरने मात्र माझ्याकडे रागाने पाहिले. "पोरीला असं बोलू नकोस," तो म्हणाला. "तिच्या पायाखाली भुयार नाही. काम चांगलं आहे, तिनं करावं. मी इतकंच म्हणतो, की ठरवतं कोण, ते तिनं एकदा विचारून बघावं."

"विचारते," ती म्हणाली. "मामा, तुम्ही त्या पत्राची प्रत द्या मला."

मुलाखतीच्या शेवटी, तुम्हांला काही विचारायचे आहे का, असे तिला रीतीप्रमाणे विचारण्यात आले तेव्हा तिने तो प्रश्न खरोखरच विचारला. ते आमच्या विभागाकडे येत नाही, असे उत्तर मिळाले, नोकरीही मिळाली. मग तिने ज्या विभागाकडे ते येते त्याला लेखी पत्र टाकले. परवा रविवारी तिचा फोन आला. निर्वात टाकीत बसवलेले तिचे एंजिन सलग तीनशे तास चालले होते. जाळीला कुठे चरे पडले आहेत ते ती मला अर्धा तास समजावून सांगत होती. पत्राचे उत्तर आले नव्हते. तिने ते दुसऱ्यांदा पाठवले आहे, आणि या वेळी डॉक्टरच्या दवाखान्याचा पत्ता आणि तिथल्या मुलांच्या वजनांचा तक्ता सोबत जोडला आहे.